'पण'च्या पुढची रिकामी जागा

सातारा तालुक्यातल्या एका गावात मी चौतीस वर्षं इंग्रजीचा मास्तर होतो. इंग्रजीचा मास्तर म्हणजे गावाचा अर्धा डॉक्टर आणि अर्धा वकील. औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर त्याने वाचायचं, बँकेची नोटीस त्याने उलगडायची आणि मुंबईच्या जावयाने धाडलेल्या इंग्रजी सुविचारावरून जावई रागावलाय की नाही तेही त्यानेच सांगायचं. माझं कधी अडलं नाही. अडलंच तर 'हे जरा कायद्याचं इंग्रजी आहे' म्हणून वेळ मारून न्यायचो. हातात खोकल्याच्या औषधाची बाटली असली तरी.

आमची पिढी पाचवीत एबीसीडी गिरवणारी. मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं ते 2000 साली. त्याआधी इंग्रजी यायचं ते पाचवीत, एकदम, अंगावर गोवर उठल्यासारखं. काहींचा उतरायचा, काहींचा आत राहायचा. माझा आत राहिला आणि त्याचंच पुढे पोट भरण्याचं साधन झालं.

माझं खरं राज्य व्याकरणावर. बोर्डाच्या पेपरात 'डू ॲज डायरेक्टेड' नावाचा प्रश्न असायचा. सांगितल्याप्रमाणे करा. वाक्यातलं 'टू' काढा, 'नो सूनर दॅन' घाला, कर्तरीचं कर्मणी करा. 'चहा इतका गरम होता की पिववेना' ह्या एका वाक्यात मी आयुष्यभर 'सो' आणि 'दॅट' घालून 'टू' काढत आलो, आणि पुढच्या तासाला 'टू' घालून 'सो' आणि 'दॅट' काढत आलो. चौतीस वर्षांत तो चहा कोणी प्यायला नाही.

ह्या राज्याचं सिंहासन म्हणजे रेन आणि मार्टिन ह्यांचं लाल पुठ्ठ्याचं व्याकरण. आमच्या घरात देव्हाऱ्याच्या खालोखाल मान त्याला. ह्यातले रेनसाहेब मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात नोकरीला होते हे मला माहीत होतं. पण त्यांनी 1924 साली 'बो जेस्ट' नावाची कादंबरी लिहिली आणि तिच्यातली पोरं घर सोडून फ्रेंचांच्या परदेशी पलटणीत भरती होऊन वाळवंटात जातात, हे निवृत्तीनंतर कळलं. नवल वाटलं नाही. आपल्या शिक्षणखात्यात काही वर्षं काढली की वाळवंट बरं वाटतं.

तर अशा भरल्या ताटावर बसलेलो असताना सांगलीहून भाचीचा फोन आला.

"मामा, जीआरई देतीय मी. क्वांटचं मी बघते, व्हर्बलला माझे वांधे आहेत. तू येतोस का चार दिवस?"

चार दिवस कशाला, इंग्रजीचं काय ते दोन दिवसांत उरकू म्हणालो, रेन आणि मार्टिनला टॉवेलात गुंडाळलं आणि सांगलीची एसटी धरली. ताईचं घर विश्रामबागेत. दाजींचं मार्केट यार्डात हळदीचं अडत दुकान. भाची इंजिनिअर, आता तिला अमेरिकेत जाऊन एम. एस. करायचं. त्यासाठी ही परीक्षा. प्रिन्स्टनची ईटीएस नावाची संस्था ती घेते, आणि फी वीस हजारांच्या वर. "एवढ्यात एक म्हस येती," असं दाजी म्हणाले होते, पण तेवढ्या पैशात कुठली म्हैस येते असं ताईने विचारल्यावर ते 'म्हशीचा विसार' इतके खाली आले.

भाचीने लॅपटॉप पुढे सरकवला. "तू आधी एक चाचणी दे, म्हणजे तुला अंदाज येईल."

सप्टेंबर 2023 पासून ही परीक्षा आखडली आहे. पूर्वी पावणेचार तास चालायची, आता दोन तासांना दोन मिनिटं कमी. त्यात इंग्रजीचे 27 प्रश्न, दोन तुकड्यांत. पहिल्या तुकड्याला 12 प्रश्न आणि 18 मिनिटं, दुसऱ्याला 15 प्रश्न आणि 23 मिनिटं. मी बाह्या सरसावल्या. दाजी चहाचा कप घेऊन मागे उभे राहिले, क्रिकेट बघायला उभे राहावं तसे.

27 पैकी 9.

त्यातले चार अंदाजपंचे. दाजींनी कप खाली ठेवला आणि काही न बोलता दुकानाला गेले. ह्या माणसाने लग्नात माझ्याकडून इंग्रजीत सत्काराचं भाषण करून घेतलं होतं.

गुणांचं दुःख नव्हतं. दुःख वेगळंच होतं. अख्ख्या पेपरात व्याकरणाचा एक प्रश्न नाही! 'टू' काढा नाही, कर्मणी करा नाही, 'नो सूनर'चं नाव नाही. जे मी चौतीस वर्षं शिकवलं ते तुम्हाला येतंच, असं गृहीत धरून ही परीक्षा तिथून पुढे सुरू होते. म्हणजे आपण जन्मभर अंगण झाडावं आणि पाहुण्यांनी चप्पल न काढता थेट माजघरात जावं, तसं झालं. बरं, समानार्थी-विरुद्धार्थी तरी असतील म्हटलं, तर विरुद्धार्थी शब्द ह्या परीक्षेतून ऑगस्ट 2011 मध्येच काढून टाकले. त्यांच्याबरोबर 'मासा : पाणी, तसा पक्षी : काय' छापाच्या जोड्याही गेल्या. माझ्या दोन्ही जमिनी एकदम सीलिंगमध्ये गेल्या.

शब्दांच्या बाबतीत राहिलं काय, तर रिकाम्या जागा. वाक्यात एक, दोन किंवा तीन. तीन असल्या तर तिन्ही बरोबर यायला हव्यात. दोन बरोबर आणि एक चुकली तर भोपळा. अर्धा गुण हा प्रकार नाही. अर्ध्या गुणांवर आम्ही पिढ्या पास केल्या आहेत.

आणि शब्द! भाचीच्या खोलीच्या भिंतीला, आरशाला, फ्रिजला, मिक्सरला चिठ्ठ्याच चिठ्ठ्या. ताई म्हणाली, "लोणच्याच्या बरणीवर 'ॲस्ट्रिंजंट' लिहिलंय. परवा पाहुण्यांनी औषध समजून विचारलं, दिवसातनं किती वेळा घ्यायचं." हे शब्द लक्षात ठेवायची ह्या पोरांची रीत अशी की आमच्या ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्यांनी ऐकली असती तर राजीनामा दिला असता. 'कॉपियस' म्हणजे विपुल. का? तर बारावीच्या केंद्राबाहेर खिडकीखाली कॉप्या पडतात तितकं. 'पिथी' म्हणजे थोडक्यात पण नेमकं. पिठीसाखर चिमूटभर पुरते म्हणून. 'चिकेनरी' म्हणजे लबाडी, कारण मटणाचे पैसे घेऊन चिकन वाढतात. ह्या शेवटच्यावर दाजींनी धाबे आणि हॉटेलांची नावं घेत अशी काही उदाहरणं दिली की तो शब्द त्या घरात आता कोणी विसरणार नाही.

मी म्हटलं, अगं, ह्या शब्दाचं मूळ बघावं, धातू बघावा. ती म्हणाली, "मामा, हजारभर शब्द आहेत आणि दोन महिने आहेत. मूळ तू बघ." मुळांना वेळ नाही म्हणणारी ही मुलगी हळदीच्या व्यापाऱ्याची, हे मी बोलून दाखवलं नाही.

पण मूळ बघितलं की गंमत असते हो. यादीत एक शब्द होता, 'जगरनॉट'. वाटेत येईल ते चिरडत जाणारी प्रचंड शक्ती. हा आपला पुरीचा जगन्नाथ. त्याचा रथ गोऱ्या लोकांनी पाहिला, घाबरले आणि शब्दकोशात घातला. 'पंडित' तर तसाच गेलाय. इतकंच काय, इंग्रजीतला 'मंगूस' मराठीतल्या मुंगसावरूनच घेतला, आणि आता आमच्याच पोरांना विचारतात की अनेकवचन सांगा. दाजी म्हणाले, "हळदीचं हेच हाय. हितनं किलोवर जाती आन परत येती ती कपात घालून, गोल्डन लाटे म्हणून."

सगळ्यात जास्त मार बसतो तो ओळखीच्या शब्दांचा. अनोळखी माणसापासून माणूस जपून राहतो. फसवतात ते नात्यातले. 'फ्लॅग' म्हणजे झेंडा, हे तिसरीच्या पोराला येतं. इथे 'फ्लॅग' म्हणजे थकणे, ढिले पडणे. 'क्वालिफाय' म्हणजे पात्र होणे. इथे आपल्याच विधानाला मर्यादा घालणे, म्हणजे आधी 'सगळे' म्हणायचं आणि मग 'सगळे म्हणजे बरेचसे' म्हणायचं. 'इन्जीनियस' म्हणजे कल्पक आणि 'इन्जेन्युअस' म्हणजे भोळाभाबडा. मधे फरक एका अक्षराचा. इंजिनिअरिंगला प्रवेश घेताना मुलगा पहिला असतो, फी भरताना बाप दुसरा. आणि 'सँक्शन' हा शब्द तर मंजुरी असाही आहे आणि निर्बंध असाही आहे. भाचीला हे काही केल्या पटेना. एकाच शब्दाचे दोन उलटे अर्थ कसे? दाजींना पटलं. त्यांच्या गोदामाच्या बांधकामाचा अर्ज दोन वर्षं 'सँक्शनला' होता.

चार दिवसांचे दहा झाले. मग दिवाळीच्या सुट्टीला भाचीला घेऊन मी साताऱ्याला निघालो. घरी शांतता असते, शिवाय आईला नात दिसेल.

एसटीत भाची चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन बसली. त्या दिवशीचा धडा होता हट्टीपणाचा. इंग्रजीत ह्या एका दुर्गुणाला दहा-बारा शब्द आहेत आणि परीक्षेला त्यांतला फरक लागतो. पेठ नाक्याला एक पांढऱ्या टोपीचे गृहस्थ चढले आणि आमच्या शेजारी टेकले. थोडा वेळ त्यांनी ऐकलं. मग म्हणाले, "काय लिवलंय गं पोरी त्यात?"

"आजोबा, सगळ्यांचा अर्थ एकच येतो. हट्टी."

"एकच कसा असंल?" ते रागावलेच. "हट्टी म्हंजी आमचं धाकटं नातू. रडून मिळालं की गप. हेकट म्हंजी आमचा थोरला भाऊ. मिळालं तरी गप न्हाई. चिवट म्हंजी हरळी, उपटून टाकली तरी वळवाला परत हाय. आडमुठा म्हंजी माझा बैल. चुचकारलं की लाथा झाडतोय. आन निगरगट्ट..." इथे ते थांबले, बाहेर एक फलक गेला त्याच्याकडे बघितलं. "त्याचं नाव घेत न्हाई. इलेक्शन तोंडावर आल्यात."

भाचीने भराभर चिठ्ठ्यांच्या मागे लिहून घेतलं. 'टेनेशस' हरळी. 'ऑब्ड्युरेट' ते फलकावरचे. 'रिकॅल्सिट्रंट' बैल. घरी गेल्यावर मी मोठा कोश काढला. 'रिकॅल्सिट्रंट'चं मूळ लॅटिन, आणि अर्थ टाचांनी लाथा झाडणारा! गृहस्थ कऱ्हाडला उतरून गेले होते, नाहीतर पाया पडलो असतो. माझे 27 पैकी 9 आलेले; ह्यांचे किती आले असते देव जाणे.

आई आमची चौथी शिकलेली. त्या वेळची चौथी, हे ती आवर्जून सांगते. नात ओसरीवर लॅपटॉप घेऊन बसली की ही समोर भाजी निवडत बसणार. तिसऱ्या दिवशी भाची एका वाक्यापाशी घायकुतीला आली. आईने विचारलं, "मराठीत सांग की. काय म्हणतोय तो?"

भाचीने कंटाळून सांगितलं, "एक शास्त्रज्ञ आहे. त्याची भाषणं रिकामी जागा असली, तरी त्याचं लिखाण मात्र आश्चर्य वाटावं इतकं रिकामी जागा होतं."

"भाषण पाल्हाळाचं असणार आणि लिखाण आटोपशीर," आई मेथीची काडी मोडत म्हणाली. "नाहीतर ह्याच्या उलट. पण दोन्ही एकासारखी नसणार. मधी 'तरी' आहे ना?"

भाचीने माझ्याकडे पाहिलं. तिने क्लास लावला होता, चांगला महागाचा, आणि क्लासवाल्याने ही गोष्ट तिसऱ्या आठवड्यात, रंगीत बाणांसकट, गुपित म्हणून सांगितली होती. शब्द बघू नका, आधी वाक्य कुठे वळतंय ते बघा. 'ऑल्दो' दिसलं, 'हाउएव्हर' दिसलं, 'येट' दिसलं की पुढचं मागच्याच्या उलट.

"आजी, तुला कसं कळलं?"

"त्यात काय कळायचंय? तुझ्या आईला स्थळं बघत होतो तेव्हा माणसं यायची. मुलगा नोकरीत आहे, घर स्वतःचं आहे, सासू स्वभावाने गरीब आहे, असं सांगत बसायची. तोवर मी आपली भाजी निवडायची. 'पण' म्हटलं की विळी बाजूला ठेवायची."

मग काय, रोज दुपारी हाच कार्यक्रम. भाची वाक्य मराठीत सांगायची, आई जागा भरायची, भाची त्या अर्थाचा शब्द पर्यायांतून शोधायची. पर्याय आईला सांगायचे नाहीत असं ठरलं, कारण तिच्या मते पर्याय हे गोंधळ घालायलाच दिलेले असतात, साडीच्या दुकानात ढीग पुढे टाकतात तसे. काय हवंय ते घरातून ठरवून जावं. परीक्षेच्या तज्ज्ञांचाही सल्ला हाच असतो, फक्त त्यात साडी नसते.

तीन जागांचं वाक्य आईला विशेष आवडायचं. "वरकरणी तो माणूस अमुक वाटे, पण जवळच्यांना त्याचा तमुक स्वभाव ठाऊक असल्याने, त्याच्या दानशूरपणाच्या बातमीने त्यांना काय वाटलं?" आई म्हणाली, "हे आपल्या खालच्या आळीतलं आहे का?"

खटका उडाला तो समान अर्थाच्या प्रश्नावर. ह्यात सहा शब्द देतात. त्यांतले दोन असे निवडायचे की कुठलाही घातला तरी वाक्याचा अर्थ तोच राहील. वाक्य पैसा जपून खर्च करणाऱ्या माणसाचं होतं. भाचीने 'फ्रुगल' आणि 'पार्सिमोनियस' निवडले. चुकलं. आईने दोन्हींचा अर्थ विचारला. काटकसरी आणि कंजूष, असं मी सांगितलं.

"हे एक कसं होईल?" आई एसटीतल्या गृहस्थांच्याच सुरात म्हणाली. "काटकसरी मी. कंजूष तुझी चुलतआजी. मी डब्यात तूप जपून ठेवते ते उद्या कोणी आलं तर असावं म्हणून. ती ठेवते ते कोणी आलं तर दिसू नये म्हणून. तूप तेवढंच असतं गं, पण बाई वेगळी."

शब्दार्थ आणि शब्दाची छटा ह्यांतला फरक मी बी. एड.च्या पाठात चाळीस मिनिटं समजावून दिला होता आणि निरीक्षकांनी 'विद्यार्थ्यांचा सहभाग कमी' असा शेरा मारला होता. तूप न्यायला हवं होतं.

ह्याच दिवसांत 7 नोव्हेंबर आला. आम्ही राजवाड्याकडे कंदी पेढे घ्यायला गेलो होतो. तिथे प्रतापसिंह हायस्कूलवर विद्यार्थी दिनाचा कार्यक्रम चालला होता. 1900 साली ह्याच तारखेला ह्या शाळेत, तेव्हाच्या सरकारी हायस्कुलात, भिवा रामजी आंबेडकर ह्या मुलाचं नाव इंग्रजी पहिलीत घातलं. इंग्रजी पहिली म्हणजे आमची पाचवी. तेरा वर्षांनी, सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर, हा विद्यार्थी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोचला आणि 1915 साली तिथला एम. ए. झाला. वर्गात ज्याला वेगळं बसवलं त्याने ज्या इंग्रजीत पुढे जे लिहिलं, त्याच्यासमोर माझं 'नो सूनर दॅन' काय टिकणार.

भाची मोबाइलवर काही बघत होती. "मामा, जीआरईची पहिली चाचणी 1937 साली झाली. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आणि कोलंबिया. म्हणजे बाबासाहेब गेले तेव्हा कोलंबियाला ही परीक्षा सुचलीच नव्हती."

"त्यांना पाहिल्यावर सुचली असेल," मी म्हटलं. "बाकीचे किती कमी पडतात ते मोजायला."

निबंधाबद्दल फार सांगत नाही, कारण तिथेही माझी शोभाच झाली. अर्ध्या तासात एका विधानावर आपलं मत मांडायचं. शून्य ते सहा गुण, अर्ध्या-अर्ध्याने वाढणारे. एक माणूस तपासतो आणि एक संगणक. मी भाचीला आमची जुनी रीत सांगितली: सुरुवातीला सुविचार, मग दोन्ही बाजू, शेवटी 'अशा रीतीने दोन्हींना आपापलं महत्त्व आहे'. ह्या रीतीने वादविवाद स्पर्धा, गणेशोत्सव आणि चार सरपंचांची भाषणं पार पडली आहेत. भाची म्हणाली, "मामा, इथे बाजू घ्यावी लागते." एवढ्याशा परीक्षेसाठी कुणाशी वाईटपणा घ्यायचा, हे मला अजून पटलेलं नाही.

माझी इभ्रत राखली ती धाकट्या भावाच्या मुलाने. तो इथेच साताऱ्यात एमबीएच्या सीईटीला बसणार होता. महाराष्ट्राची ही सीईटी म्हणजे 150 मिनिटांत 200 प्रश्न, त्यांतले 50 इंग्रजीचे, आणि त्यांत चक्क व्याकरण! वाक्यातली चूक शोधा! मी रेन आणि मार्टिनला टॉवेलातून बाहेर काढलं. पहिलंच वाक्य घेतलं, कर्ता दाखवला, क्रियापद दाखवलं, कर्त्याच्या आणि क्रियापदाच्या मधे येऊन बसणाऱ्या शब्दसमूहाचा कावा समजावला. पुतण्या घड्याळ बघत होता. "काका, एका प्रश्नाला 45 सेकंद. तुमची साडेसहा मिनिटं झाली." 45 सेकंदांत माझा चष्मा पुसून होत नाही. शिवाय चुकलं तर गुण कापत नाहीत, म्हणून त्याने ठरवूनच टाकलं होतं: न येणाऱ्या सगळ्यांना 'क'. कर्ता-क्रियापदाचा कावा त्याने ऐकून घेतला, तोही वडिलकीचा मान म्हणून.

जीआरईची आणखी एक तऱ्हा आहे, ती ताईला झोंबली. पहिल्या तुकड्यात चांगलं जमलं की दुसऱ्या तुकड्यात मुद्दाम अवघड प्रश्न येतात. पहिला बिघडला तर दुसरा सोपा. ताई म्हणाली, "म्हणजे सासरसारखं. पोळ्या चांगल्या लाटते कळलं की पुरणाच्याही तिनेच लाटायच्या. आमच्या मोठ्या जाऊबाईंनी पहिल्याच दिवशी दोन करपवल्या. तीस वर्षं नुसत्या कोशिंबिरी करतायत."

डिसेंबरात भाची पुण्याला जाऊन परीक्षा देऊन आली. निकालाच्या दिवशी आम्ही सगळे सांगलीला. समोर भडंगाची परात. इंग्रजीत 157, गणितात 168.

"किती पैकी?" दाजींनी विचारलं.

"170 पैकी. दोन्ही."

"म्हंजी इंग्रजीत तेरा कमी! लई भारी की!"

भाची प्रामाणिक. तिने सांगितलं की गुण शून्यापासून सुरू होत नाहीत, 130 पासून होतात. सगळं चुकलं तरी 130. हे ऐकून मी हळवा झालो. आमच्या बोर्डाने कृपागुण द्यायला काय हात आखडता घेतला होता, आणि हे आधीच 130 घालून बसलेत! दाजींचा चेहरा मात्र व्यापाऱ्याचा झाला. त्यांनी पेन काढलं.

"थांब. म्हंजी 130 हे बारदान. पोत्याचं वजन. ते वजा. इंग्रजी 40 पैकी 27, गणित 40 पैकी 38." त्यांनी आकड्यांखाली रेघ ओढली. "माल चांगला हाय. इंग्रजीत वलावा जरा जास्त."

सहा विद्यापीठांना अर्ज गेले. अर्ज भरता भरता कळलं की त्यांतल्या तिघांना ही परीक्षा आता ऐच्छिक आहे. दिली तर बघू, नाही दिली तरी चालेल. चार महिने फ्रिजवर चिठ्ठ्या लावून, एका शास्त्रज्ञाच्या भाषणावरून घरात वाद घालून, मग ऐच्छिक! ऐच्छिक विषयाचा अभ्यास आमच्या शाळेत मास्तरही करत नसत. ताईने त्या दिवशी लोणच्याच्या बरणीवरची चिठ्ठी ओढून काढली. बरणीच्या काचेवर डाग राहिला तो आहेच.

मार्चमध्ये पहिलं उत्तर आलं, तेव्हा भाची साताऱ्याला आमच्याकडेच होती. तिने ओसरीवर बसून मोठ्याने वाचायला घेतलं, आई समोर वाटाणे सोलत होती. "ऑल्दो युवर ॲप्लिकेशन..."

"राहू दे," आई म्हणाली. "पुढचं नको वाचू. नाही म्हणतायत ते."

"आजी, अजून वाक्य पुरं नाही झालं!"

"'ऑल्दो' म्हणाला ना तो? मग पुढे 'आमच्याकडे जागा कमी' असणार. तिथेही माणसं अशीच बोलतात होय?"

वाक्य पुरं वाचलं. जागा कमी होत्या.

दुसरं उत्तर आलं ते त्यानंतर आठवड्याने. ताई-दाजीही आले होते. भाचीने वाचायच्या आधी स्वतःच वरून खाली डोळे फिरवले, 'ऑल्दो' नाही, 'हाउएव्हर' नाही, 'रिग्रेट' नाही. मग मोठ्याने वाचलं. प्रवेश मिळाला होता. ताईने डोळ्यांना पदर लावला, मी रेन आणि मार्टिनला उगीचच हात लावून नमस्कार केला. आईने मात्र विळी बाजूला ठेवली होती, ती अजून उचलली नव्हती.

"ह्यात 'पण' कुठे आहे?"

"ह्यात नाहीये गं आजी."

"असं कसं? नीट बघ. खाली असेल."

भाचीने पान खाली सरकवलं. खाली फीचा तक्ता होता. दाजींनी चष्मा लावला, शेवटचा आकडा बोटाने दोनदा मोजला, आणि बराच वेळ गप्प राहून मला विचारलं, "मास्तर, हे बारदानासकट हाय, का बारदान वजा करून?"